वॉरंटीतला व, गॅरंटीतला ग

मिक्सर घ्यायला गेलं की दुकानदार बजावतो, ‘‘दोन वर्षं वॉरंटी आहे, गॅरंटी नाही.’’ म्हणजे बिघडला तर दुरुस्त करून मिळेल, बदलून नाही. ही झाली बाजाराची व्याख्या. कायद्याची वेगळीच. १८७२च्या भारतीय करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याने देणं बुडवलं तर ते मी फेडीन, ही हमी. थोडक्यात, जामीन राहणं. १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार वॉरंटी मोडली तर भरपाई मागता येते, तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. ज्यांच्या फरकावर वकील तासन्‌तास भांडू शकतात, ते हे दोन शब्द मुळात एकच!

फ्रँक टोळ्या आजच्या फ्रान्समध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्या बोलीबरोबर ओठ गोल करून म्हणायचा ‘व’ आला. तिथल्या लॅटिन बोलणाऱ्यांना तो शब्दाच्या सुरुवातीला जमेना. त्यांनी त्याला आधी ‘ग’चा टेकू दिला, मग ‘ग्व’मधला ‘व’ गळाला आणि टेकूच उरला. उत्तरेला नॉर्मंडीत मात्र जुना ‘व’ टिकला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, ते ही बोली सोबत घेऊनच. त्याच्या नावातही तीच गंमत: इंग्रजीत विल्यम, फ्रेंचमध्ये गियोम.

१२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाने नॉर्मंडी गमावली. मग प्रतिष्ठेची फ्रेंच म्हणजे पॅरिसची, असं होत गेलं आणि आधी ‘व’ने आलेले काही शब्द पुन्हा ‘ग’ने आले. एकाच कामाला दोन शब्द भाषा फार काळ पोसत नाही. तिने कामं वाटून दिली. म्हणून आज वसतिगृहाच्या अर्जावर वॉर्डनची सही वेगळी, गार्डियनची वेगळी. ‘रिवॉर्ड’ आणि ‘रिगार्ड’ दोन्हींचा मूळ अर्थ लक्ष देणं, दखल घेणं. एकाचं बक्षीस झालं, दुसऱ्याचा आदर.

माझी सगळ्यात लाडकी जोडी मात्र क्रिकेटमधली. नॉर्मंडीत जिथे ‘क’ राहिला, तिथे पॅरिसकडे ‘च’ झाला. पकडू पाहणं अशा अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून नॉर्मन वाटेने ‘कॅच’ आला, पॅरिसच्या वाटेने ‘चेस’. सुरुवातीला इंग्रजीत ‘कॅच’चाही अर्थ पाठलाग करणं असा होता. पुढे धावणं एकाकडे गेलं, हाती लागणं दुसऱ्याकडे. धावांचा चेस करताना फलंदाज कॅच देऊन बसतो, तेव्हा दोन सख्खी भावंडं एकमेकांविरुद्ध खेळत असतात.

‘वॉर’ हाही नॉर्मन ‘व’चा शब्द. त्याचंच स्पॅनिश रूप ‘गेर्रा’, आणि ‘गेरिला’ म्हणजे छोटी लढाई. १८०८ पासून नेपोलियनच्या फौजांना स्पेनमधल्या लोकांनी अशाच लढायांनी जेरीस आणलं आणि तो शब्द इंग्रजीत आला. तेव्हा गनिमी काव्याला ‘गेरिला वॉर’ म्हणणारा माणूस एकच शब्द दोनदा उच्चारतो: आधी ‘ग’ने, मग ‘व’ने.