चालीवरून ओळख

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची. दिवेलागण आटोपून, गावाच्या झगमगाटापासून लांब जाऊन सात-साडेसातला नैर्ऋत्येकडे पाहावे. क्षितिजाच्या वर धनु राशीतले तारे चहाच्या किटलीसारखे मांडलेले दिसतात. किटलीच्या चोचीच्या रोखाने, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे आणि त्याभोवती अब्जावधी ताऱ्यांचा फुगवटा. शेजारीच वृश्चिकाच्या नांगीत मूळ नक्षत्र. नाव ठेवणाऱ्यांना केंद्राचा पत्ता नव्हता; पण योगायोग झकास आहे.

केंद्रालगतच्या मोजक्या ताऱ्यांच्या कक्षांवरून तिथला अतिप्रचंड, अदृश्य गोळा ओळखणाऱ्या गेन्झेल आणि गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले. फुगवट्याची गोष्ट वेगळी. ती गर्दीची आहे. आणि गर्दीच्या आड धूळ. केंद्राकडचा दृश्य प्रकाश वाटेतच विरतो. १९४० च्या दशकात वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून, किटलीच्या चोचीच्या टोकाजवळ, धूळ विरळ असलेली एक फट हेरली. ‘बाडेची खिडकी’ म्हणून ती आजही ओळखली जाते.

खिडकीतून तारे दिसले, तरी ते चालतात कसे हे कळायला दोन मापे लागतात. तारा आपल्याकडे येतो की दूर जातो, हे त्याच्या वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून समजते. आडवी चाल, म्हणजे निजगती, मोजायला मात्र वाट पाहावी लागते. तिथला तारा सेकंदाला ३९ किलोमीटर वेगाने आडवा धावला, तर वर्षभरात आकाशात विकलेचा जेमतेम हजारावा भाग सरकतो. २० किलोमीटरवर धरलेल्या केसाची जाडी साधारण एवढीच! म्हणून १९९२ साली बाडेच्या खिडकीतल्या चारशेहून अधिक ताऱ्यांच्या निजगती प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांच्यामागे ३३ वर्षांच्या अंतराने घेतलेली काचपट्ट्यांवरची छायाचित्रे होती. एका पिढीने जपून ठेवायचे, दुसरीने मोजायचे.

पुढे कामाचा वेग वाढला. २००५ ते २००८ दरम्यान चिलीतल्या सेरो टोलोलोच्या चार मीटर दुर्बिणीने ‘ब्रावा’ पाहणीत सुमारे दहा हजार लाल राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट घेतले; ऑस्ट्रेलियातल्या ‘आर्गोस’ने सुमारे २८ हजारांचे. चिलीतल्याच पारानालच्या ‘व्हिस्टा’ दुर्बिणीने २०१० पासून धूळ भेदणाऱ्या अवरक्त प्रकाशात हाच भाग पुनःपुन्हा टिपला. त्यातून ३० कोटींहून अधिक ताऱ्यांच्या निजगतींची यादी २०१८ मध्ये हाती आली.

या सगळ्यांतून जे कळले, ते जुन्या समजुतीला धक्का देणारे होते. फुगवटा म्हणजे आकाशगंगेच्या जन्मवेळी जमलेला, सैरावैरा फिरणाऱ्या म्हाताऱ्या ताऱ्यांचा ढीग, अशी समजूत होती. तसे असते, तर आकाशगंगेच्या प्रतलापासून वर जावे तशी फिरण्याची गती घसरायला हवी होती. ‘ब्रावा’त ती फारशी घसरलीच नाही. खालचे-वरचे तारे जणू एकाच रहाटाला बांधलेले. असे फिरतो तो ताऱ्यांचा लांबट दांडा! पुढे २०१० मध्ये ताऱ्यांच्या अंतरांवरून असेही दिसले की हा दांडा बाजूने पाहिल्यास दोन्ही टोकांना फुगीर, मधे दबलेला आहे. हुबेहूब भुईमुगाची शेंग. आकाशगंगेच्या चपट्या तबकडीतच दांडा तयार झाला, तो वर-खाली वाकला आणि जाड झाला, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. जुना ढीग असलाच, तर तबकडीच्या वस्तुमानाच्या आठ टक्क्यांहून कमी, असे २०१० च्या एका संगणकी प्रतिकृतीने दाखवले. तरीही सगळे तारे एका तालात नाहीत. जड मूलद्रव्यांनी गरीब, फार जुने तारे या फेऱ्यात हळू फिरतात किंवा जवळजवळ फिरतच नाहीत. तेच कदाचित त्या मूळ काळाचे उरलेले साक्षीदार.

गंमत अशी, की आपण या शेंगेच्या आत नाही, पण तिच्या तबकडीतच राहतो. म्हणून तिचे चित्र समोरून घेता येत नाही. अंधारात लांबून येणारा माणूस चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरून ओळखावा, तसा हा फुगवटा ओळखला गेला. नासाची नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बीण याच भागाकडे वारंवार पाहण्यासाठीही आखली आहे. तिची पहिली छायाचित्रे लगेच फार काही सांगणार नाहीत. ती जपून ठेवावी लागतील.