सहलीआधीची सहल : समुद्रकिनाऱ्यावर शिक्षकाचे काम

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली कोकणाकडे वळू लागतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा तारकर्ली-मालवणसारख्या किनाऱ्यांवरील रिसॉर्टमध्ये मुक्काम करतात. अशा सहलीपूर्वी एखाद्या शिक्षकाने वा शिक्षिकेने स्वतः तेथे जाऊन जागा, पाणी, वाटा आणि वेळा पाहून येणे, म्हणजेच पूर्वपाहणी करणे, हे त्या सहलीचे सर्वांत महत्त्वाचे काम असते. तरीही पुष्कळ ठिकाणी ते काम मानलेच जात नाही. पाहणीला निघालेल्या शिक्षकाला समुद्रकिनारी मौज करायला मिळाली असा समज होतो, आणि मग रिसॉर्टचे छायाचित्र व दरपत्रक पाहून सहल ठरवली जाते. दरपत्रकावर खोल्यांचे भाडे आणि न्याहारीची वेळ असते, ओहोटीची वेळ मात्र नसते. आणि किनाऱ्यावर काय शिकवता येईल व विद्यार्थ्यांना कोणत्या वेळी कोठे जाऊ द्यावे, हे दोन्ही ओहोटीवरच अवलंबून असते.

चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणामुळे कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जात असल्याने भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन पाणी जास्तीत जास्त चढते आणि तितकेच खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला भांगाची भरती असे नाव आहे. मुंबईला उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, तर दक्षिणेकडे मालवण-गोव्यापर्यंत जाता जाता तो जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे जुहूला पाणी जितके दूर हटते तितके मालवणला हटेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

कोकणातील माणसांनी भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे, तो म्हणजे तिथीची पाऊणपट. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ तासांत मिळते, आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. द्वितीयेला पूर्ण भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी पावणेआठला, तृतीयेला भरती सव्वादोनला आणि ओहोटी साडेआठला, असा हिशेब येतो. या दोन्ही दिवशी उधाणाचा जोर टिकून असतो, शिवाय सर्वांत खालची पातळी सकाळच्या कोवळ्या उन्हात मिळते, म्हणून खडकाळ किनारा पाहण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. हा हिशेब अंदाजाचा आहे, ठिकाणागणिक त्यात फरक पडतो. नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावी लागतात. तरीही सहलीची तारीख बसच्या उपलब्धतेवरून न ठरवता आधी पंचांग उघडून ठरवली, तर निम्मे काम तेथेच होते.

भरतीच्या वरच्या आणि ओहोटीच्या खालच्या रेषेदरम्यानचा पट्टा जीवशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण समृद्ध असतो, कारण तेथील प्रत्येक प्राण्याला रोज काही तास पाण्यात आणि काही तास उघड्यावर काढावे लागतात. जो प्राणी कोरडेपणा जितका सोसू शकतो, तितका तो वर राहतो, आणि त्यामुळे खडकावर जीवांचे आडवे थर स्पष्ट दिसतात. वरच्या भागात बारीक गोगलगायी आणि खडकाला कायमची चिकटलेली, कवचाची दारे मिटून पाणी धरून ठेवणारी बार्नॅकल असतात, त्याखाली कालवे, आणि अगदी खाली, क्वचितच उघड्या पडणाऱ्या भागात समुद्रफुले, स्पंज, समुद्री शेवाळे आणि तारामासे. खडकाच्या खळग्यांत अडकलेले पाणी उन्हाने तापते, बाष्पीभवनाने अधिक खारट होते, आणि तरी त्यात लहान मासे व कोळंब्या तगून राहतात. एवढ्या एका खळग्यावर जीवशास्त्राचा पूर्ण तास घेता येतो. मात्र असा खळगा कोठे आहे, तेथवर घसरण नसलेली वाट कोणती, आणि पाणी परतताना कोणती बाजू आधी वेढली जाते, हे तेथे पूर्वी उभे राहिलेल्या शिक्षकालाच सांगता येते.

वाळूचा किनारा पहिल्या नजरेला रिकामा वाटतो, पण तेथे शिकवण्यासारखे कमी नसते. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची जी नक्षी उमटते, ती वाळूतील सेंद्रिय कण खाऊन उरलेली वाळू बाजूला टाकणाऱ्या लहान खेकड्यांची असते. तिसऱ्या नावाचे शिंपले स्वतःला वाळूत गाडून घेऊन दोन नळ्यांनी पाणी आत-बाहेर करतात. भूगोलाच्या शिक्षकासाठी तारकर्लीपुढचे देवबाग हे तर उघडे पाठ्यपुस्तकच आहे, कारण एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामध्ये पसरलेली ती वाळूची चिंचोळी पट्टी नदीमुखाशी वाळू कशी साचते आणि कशी खचते, हे दोन्ही दाखवते. रापण, म्हणजे होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढण्याची पारंपरिक मासेमारी, विद्यार्थ्यांना पाहता यावी यासाठी रापणकरांशी आधी बोलणे आवश्यक असते. त्यांच्या कामाच्या वेळी मध्ये घुसून छायाचित्रे काढणाऱ्या सहली त्यांना नकोशा होतात, आणि ते रास्तच आहे.

शिक्षकाला कायद्याचीही माहिती हवी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यासह सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. म्हणून प्रयोगशाळेच्या बरण्यांसाठी जिवंत प्राणी गोळा करून आणण्याची जुनी पद्धत सोडून द्यायला हवी. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, कारण दगडाखालचा ओलावा गेला की तेथले जीव काही वेळातच मरतात.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षेचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयातील १४ विद्यार्थी सहलीत बुडाले. अशा दुर्घटनांनंतर समुद्राकडे सहली नेऊच नयेत, असा सूर उठतो. त्यामागचे दुःख समजण्यासारखे असले, तरी शेकडो किलोमीटर किनारा लाभलेल्या राज्यातील मुलांनी समुद्र ओळखायचाच नाही, हा त्यावरचा उपाय असू शकत नाही. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी अनेकदा अरुंद वाटेने वेगाने आत परतते, आणि त्या वाटेवर लाटा कमी फुटत असल्याने नेमका तोच भाग अनोळखी माणसाला शांत व सुरक्षित वाटतो. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजत दमून न जाता किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडायचे असते. ही वाट किनाऱ्यावर कोठे पडते, हे स्थानिक मच्छीमार आणि जीवरक्षक दाखवू शकतात, पण त्यासाठी कोणीतरी आधी जाऊन त्यांना विचारावे लागते. खडकांवरचा अभ्यास ओहोटी पुरी होण्याच्या दोन तास आधी सुरू करावा आणि पाणी वळताच सर्वांना वर आणावे, हा नियमही वेळापत्रकात लेखी असावा.

शिक्षकाने समुद्राकाठी जाऊन आधी स्वतः शिकावे, ही कल्पना नवी नाही. १८७३ च्या उन्हाळ्यात लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत पेनिकीझ बेटावर सुमारे ५० शिक्षक-शिक्षिकांना एकत्र करून समुद्रजीवन शिकवले. त्याच वर्षअखेरीस अगासीचे निधन झाले आणि शाळाही लवकरच बंद पडली, पण त्याच परंपरेतून पुढे १८८८ मध्ये वुड्स होल येथील विख्यात सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे बेटावर जाणाऱ्या शिक्षकाचा वेळ अभ्यासाचा मानला गेला होता.

महाराष्ट्रातील संस्थांनीही हे मानायला हवे. पूर्वपाहणीचे दोन दिवस रजेत न धरता कर्तव्यावरील दिवस म्हणून नोंदवावेत, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सहलीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घ्यावा, आणि ज्या किनाऱ्याची पाहणी कोणा शिक्षकाने केलेली नाही, तेथे जाणाऱ्या सहलीच्या अर्जावर मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी सही करू नये.