मान आखडलीय? मोडून घेऊ नका!
साठीनंतर मानेचा एक्स-रे काढला की झीज बहुधा दिसतेच. रिपोर्टवर ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ वाचून घाबरायला होतं, पण अशी झीज असलेल्या कित्येकांना काहीच त्रास नसतो. होतं काय, तर मानेच्या सात मणक्यांमधल्या चकत्या सुकतात, कडेला हाड वाढतं आणि आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात.

फिजिओथेरपिस्टच्या हातांनी ही झीज भरून येत नाही, हे आधीच सांगते. ते हात आखडलेला सांधा हळूहळू, तालात हलवतात. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी याच्या पायऱ्या ठरवल्या: पहिली अगदी हलकी, चौथी हालचालीच्या टोकाशी. दुखणं जास्त असेल तर खालच्या पायऱ्या, नुसतीच आखडली असेल तर वरच्या. मान वळायला लागते, पण घरी व्यायाम केला तरच ते टिकतं.

आणि हो, सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून देतात ना, ते नकोच! मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते. हात बधिर होत असतील, शर्टाचं बटण लावता येत नसेल, चालताना तोल जात असेल, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे आधी डॉक्टर, मालिश-बिलिश नाही.