गाडीच्या आतलं रेक्झीन खराब झालंय? रंग द्यायचा की नवीन चढवायचं, ते असं ठरवा

गाडी बाहेरून चकाचक असते, पण दार उघडलं की सीटचा रंग उडालेला, दाराचा पॅड फिकट पडलेला आणि डॅशबोर्डला हात लावला तर चिकट. अशा वेळी दोन मार्ग असतात. आहे त्याच रेक्झीनला रंग द्यायचा किंवा ते काढून नवीन चढवायचं. चुकीचा मार्ग निवडला तर पैसे वाया जातात, आणि काही ठिकाणी तर जिवावर बेतू शकतं.

पण रेक्झीन खराब का होतं?

रेक्झीन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. आज गाडीत ज्याला रेक्झीन म्हणतात ते बहुतेक वेळा व्हिनाईल, म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ते मऊ करण्याची पद्धत शोधली. त्यासाठी जे तेलकट पदार्थ मिसळतात, त्यांना प्लॅस्टिसायझर म्हणतात.

गाडी उन्हात तापली की हे पदार्थ हळूहळू बाहेर पडतात. त्यामुळे पृष्ठभाग चिकट होतो, समोरच्या काचेवर आतून धुरकट थर बसतो आणि शेवटी रेक्झीन कडक होऊन तडकतं.

रंग कधी द्यायचा?

बोटानं दाबून बघा. रेक्झीन मऊ असेल, भेगा नसतील आणि फक्त रंग गेला असेल, तर रंग देऊन भागतं. रंगानं भेग बुजत नाही.

रंग व्हिनाईलसाठीचाच हवा. साधा स्प्रे पेंट सीट दबली की तडकतो. खरी मेहनत मात्र सफाईत आहे. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग धरत नाही. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि नंतर रंगाचे पातळ थर. प्रत्येक थर वाळू द्यायचा. काम दारं उघडी ठेवून, मास्क लावून करायचं आणि जवळपास विस्तव नको. डॅशबोर्डला गडद, बिनचमकेचा रंगच बरा, नाहीतर त्याचं प्रतिबिंब काचेत पडून रस्ता नीट दिसत नाही.

नवीन कधी चढवायचं?

तडे गेले, शिवण उसवली किंवा फोम बसला, तर रंगाचा उपयोग नाही. कुशनवाले जुनं कव्हर उसवतात, त्याच्याच तुकड्यांवरून नवीन माप कापतात आणि गरज असेल तिथे फोम बदलतात. दाराच्या पॅडवर हीट गननं रेक्झीन मऊ करून, ताणून चिकटवतात.

हात कुठे लावायचा नाही?

जिथे एअरबॅग असते तिथे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची आहे. शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमध्ये असते आणि काही गाड्यांमध्ये सीटच्या कडेलाही असते. ती ठराविक जागी कव्हर फाडूनच बाहेर येते, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यावर जाड रेक्झीन चिकटवलं किंवा ती शिवण पक्क्या दोऱ्यानं घातली, तर एअरबॅग उशिरा किंवा भलत्याच बाजूला उघडू शकते.

म्हणून गाडी कुशनवाल्याकडे देण्याआधी डॅशबोर्ड आणि सीटच्या कडेवर 'एअरबॅग' लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं असेल, तर तेवढा भाग सोडून काम करायला सांगा. त्या भागाचंच काम असेल, तर तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच बदलून घ्या.