कपाटाबाहेरचं ग्रंथालय

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत ग्रंथालय म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लोखंडी कपाट असतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे, पुस्तकांची यादी साठा नोंदवहीत. शिक्षणहक्क कायद्यानं २००९ साली प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे, त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं लिहून ठेवलं. पुस्तकं आलीही. पण बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. फाटलेलं, हरवलेलं कोणाच्या नावावर टाकायचं, या धास्तीनं कित्येक कपाटं सणासुदीलाच उघडत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळेलाच कुलूप लागलं आणि ही पुस्तकं दुहेरी बंदोबस्तात गेली.

त्यानंतर जे धावपळीनं सुरू झालं, ते सगळं अभ्यासाचं होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधून फिरू लागली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागू लागली. शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट स्वाध्यायांनी भरून गेले. हे आवश्यकच होतं, आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांनी मनापासून केलं. मात्र अवांतर वाचनाची आठवण व्हायला वेळ लागला. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेलं मूल बऱ्याच ठिकाणी थेट डिसेंबर २०२१ मध्ये वर्गात नीट बसलं, तोवर ते दुसरीत होतं. दुसरी-तिसरीतल्या मुलांचं नुकसान तर आणखी वेगळं. अक्षरं ओळखता येतात, जोडाक्षराशी अडतं, अशा अवस्थेत वाचन सुटलं तर मूल होतं तिथेही राहत नाही, मागे सरकतं. या वयात रोज चार ओळी का होईना, आवडीनं वाचायला मिळणं फार मोलाचं असतं.

ही जागा भरायला नोव्हेंबर २०२० मध्ये ‘गोष्टींचा शनिवार’ आला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांचा हा उपक्रम. रचना साधी: दर शनिवारी मुलांच्या इयत्तेला झेपेल अशी गोष्ट मोबाइलवरून शिक्षकांपर्यंत, तिथून पालकांपर्यंत, आणि सोबत करून पाहायला एखादी कृती. शनिवार नेमून दिला हे मला फार शहाणपणाचं वाटतं. शाळा नसताना सगळे वार सारखेच झाले होते. अमुक वारी गोष्ट येणार, हे ठरलेलं असलं की मूल वाट बघतं.

या गोष्टी आल्या कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रथम बुक्स ही २००४ साली सुरू झालेली बंगळुरूची ना-नफा प्रकाशनसंस्था. तिनं ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं खुलं भांडार सुरू केलं. तेव्हा त्यात २४ भाषांतल्या ८०० गोष्टी होत्या. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. त्यामुळे इयत्ता चौथी पण वाचन दुसरीचं, अशा मुलालाही न लाजवता पुस्तक देता येतं. पण खरी ताकद आहे परवान्याची. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्यामुळे लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं ठेवून कोणीही ही गोष्ट छापू शकतो, झेरॉक्स काढू शकतो, आपल्या बोलीत आणू शकतो. टाळेबंदीत मराठी बालपुस्तकांची पानं परस्पर स्कॅन करून गटागटांत फिरवली गेली. पोटतिडकीनं छापणाऱ्या लहान प्रकाशकांवर तो अन्यायच होता. इथे शिक्षकाला तसं चोरून काही करावं लागलं नाही.

आता ही गोष्ट मुलाच्या हातात कशी पडत होती ते पाहू. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर. रात्री आठला येतो, बॅटरी लाल झालेली. पीडीएफ आडवी, म्हणून फोन आडवा धरायचा. चित्र छान दिसतं, पण ओळ मुंगीएवढी. बोटांनी मोठी केली की शेवटचे दोन शब्द पडद्याबाहेर जातात, मूल पान डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचतं आणि मधेच कोणाचा तरी कॉल येतो. ग्रामीण भागातल्या शिक्षणाची स्थिती पाहणाऱ्या ‘असर’च्या २०२० च्या फोन-सर्वेक्षणात देशात शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वी हा आकडा ३६.५ होता. वाढ मोठी, पण घरात फोन असणं आणि मुलाला तो मिणमिणत्या उजेडात अर्धा तास मिळणं यांत अंतर आहे. उरलेल्या मुलांच्या घरी तर तोही नव्हता.

म्हणूनच मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटतात ते कपाट उघडणारे शिक्षक. गृहभेटीला निघताना त्यांनी स्वाध्यायपुस्तिकांबरोबर पंधरा-वीस गोष्टीची पुस्तकं पिशवीत टाकली. वाडीवर कोणाच्या ओट्यावर, देवळाच्या पारावर ती पसरली. मुलांनी निवडली, आठवड्यानं परत दिली. कोणी वाडीतल्या मोठ्या मुलीकडेच पिशवी सोपवली आणि नोंदीला दोनशे पानी वही दिली: तारीख, नाव, पुस्तक, परत. या वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदींत ग्रंथालय जिवंत होतं.

भीती होतीच. हातोहात फिरणाऱ्या पुस्तकातून विषाणू पसरेल का? अमेरिकेत ग्रंथालयांसाठी याच प्रश्नावर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या. जून २०२० च्या पहिल्या चाचणीत पुठ्ठ्याची बांधणी, कागदी वेष्टण, आतली पानं, प्लॅस्टिकचं आवरण यांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही. पुस्तकं एकावर एक रचून पुन्हा तपासलं, तेव्हा काही वस्तूंवर तो सहा दिवसांनीही मिळाला. म्हणजे परत आलेल्या पुस्तकांची चळत न लावता ती सुटी ठेवणं श्रेयस्कर. दोरीला चिमट्यांनी पुस्तकं टांगायची आपल्या शाळांतली पद्धत इथे आपसूक उपयोगी ठरण्यासारखी होती.

ओट्यावर जे घडत होतं ते फोनवर पाठवता येत नव्हतं. एक म्हणजे निवड. शनिवारची गोष्ट इयत्तेतल्या सगळ्यांना एकच, वीस पुस्तकांतून मात्र कोणी मगरीचं चित्र बघून उचलतो, कोणी मैत्रिणीनं वाचलं म्हणून. दुसरी म्हणजे विचारपूस. पुस्तक परत देताना “मग त्या म्हातारीचं पुढे काय झालं गं?” असं गुरुजींनी विचारलं की मुलगी सांगायला लागते, सांगताना अडते आणि पान उघडून पुन्हा वाचते. शनिवारच्या गोष्टीनं पुरवठा आणि सातत्य दिलं, ते कमी नव्हे. पण ज्या गावांत ती गोष्ट छापून वाडीवर गेली आणि तिच्याबद्दल बोलणारं माणूस भेटलं, तिथे तिचं वाचन झालं. इतर ठिकाणी ती बहुधा फॉरवर्ड होऊन थांबली.

नुकसान किती झालं ते २०२२ च्या ‘असर’ अहवालात दिसलं. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची ग्रामीण मुलं देशात २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०.५ वर आली. महाराष्ट्राची घसरण ४२.१ वरून २६.६ अशी, म्हणजे देशाहून मोठी. आपल्याला ती अधिक बोचायला हवी.

समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पन्नास-साठ रुपयांचं पातळ पुस्तक धरलं, तर ऐंशी ते शंभर पुस्तकं येतात. वीस-पंचवीस पटाच्या शाळेला ही सुरुवात चांगली आहे. मात्र ती पुस्तकं घरी जायची, तर त्यांतली काही फाटणार, काही पावसात भिजणार, दोन-चार परत येणारच नाहीत. दरवर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तकं शिक्षकाकडे खुलासा न मागता निर्लेखित करता येतील, एवढा एक स्पष्ट आदेश निघावा आणि तो केंद्रप्रमुखांनी प्रत्येक शाळेत वाचून दाखवावा. तोवर निदान पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत किल्लीची चौकशी करावी.