एआय किनाऱ्यावर वापरा, दर्यात नको

मासेमार बंधू-भगिनींनो,

अनुदानाचा अर्ज, बँकेची नोटीस, होडीच्या विम्याच्या अटी. कागद इंग्रजीत आला की वाचून देणारा शोधावा लागतो. आता यातले बरेच काम मोबाईलवर होते.

✅ कागद वाचायला: गुगल लेन्समध्ये 'ट्रान्सलेट' निवडा, कॅमेरा कागदावर धरा. मजकूर मराठीत दिसेल.

✅ पत्र लिहायला: चॅटजीपीटी किंवा जेमिनीत माईक दाबून मराठीत सांगा, "इंजिन दुरुस्तीसाठी कर्ज हवे, मॅनेजरला इंग्रजीत पत्र लिहून दे." नाव आणि रक्कम तपासूनच सही करा.

✅ विक्रीला: सुके बांगडे, सुंगटे विकणाऱ्या भगिनींना व्हॉट्सॲपसाठी मराठी-इंग्रजी जाहिरात मिनिटात मिळते.

❌ पण "उद्या दर्यात जाऊ काय?" हे एआयला विचारू नका. केरी-हरमलची लाट त्याने पाहिलेली नाही, तरी उत्तर ठामपणे देतो. गोव्यात यांत्रिक बोटींना बंदी १ जून ते ३१ जुलै. तो पूर्व किनाऱ्याची १५ एप्रिल ते १४ जून हीसुद्धा सांगू शकतो.

वारा-वादळासाठी हवामान खात्याचा इशारा पाहा. लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते. उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळू शकेल, तेही तीच सांगते.

⚠️ आधार क्रमांक, ओटीपी, बँक खाते एआयमध्ये टाकू नका.

कागदातली चूक खोडता येते, दर्यातली नाही. तांडेलांपर्यंत जरूर पोचवा. 🙏