अडीचशे किलोमीटर, दहा तास : औलीच्या रस्त्याचं गणित

स्कीइंगच्या कुठल्याही जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात. पांढराशुभ्र उतार, निळंशार आकाश आणि रंगीत जॅकेट घातलेला हसरा माणूस. त्या माणसाला तिथवर पोचायला किती तास लागले आणि वाटेत त्याने किती वेळा गाडी थांबवून लिंबू चोखलं, हे मात्र कोणी छापत नाही! वास्तविक जगातल्या बहुतेक स्की रिसॉर्टचा रस्ता एकाच वेळी डोळ्यांचं पारणं फेडणारा आणि जीव नको करणारा असतो. असं का, याचं उत्तर आपल्या ‘ट्रान्सपोर्टेशन’च्या पुस्तकात आहे. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरतो, एवढंच.

थर्ड इयरच्या फेब्रुवारीत आम्ही चौघं उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगच्या कोर्ससाठी गेलो होतो. गढवाल मंडळ विकास निगम तिथे दरवर्षी असे कोर्स घेतं. स्कीइंग मला किती जमलं हा या लेखाचा विषय नाही (तो विषय न निघालेलाच बरा). विषय आहे रस्ता.

नकाशावरचं अंतर आणि खरं अंतर

हरिद्वारपर्यंत रेल्वे, मग ऋषिकेश आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ७. देवप्रयाग, श्रीनगर (हे गढवालमधलं, काश्मीरमधलं नव्हे), रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपळकोटी आणि जोशीमठ. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० कि.मी. जोशीमठहून औली आणखी चौदा-पंधरा कि.मी. वर.

नकाशावर पट्टी ठेवून ऋषिकेश-जोशीमठ सरळ रेषेत मोजलं तर अंतर भरतं जेमतेम १३५ कि.मी. म्हणजे रस्ता जवळजवळ दुप्पट आहे. आता चढ बघा. ऋषिकेश साधारण ३५० मीटरवर, जोशीमठ १८९० मीटरच्या आसपास. १५४० मीटरची चढण २५० कि.मी. मध्ये विभागली, तर सरासरी १६० ला १ असा चढ येतो. हा तर रेल्वेलाही झेपेल! मग जीपला दहा तास का लागतात?

कारण या रस्त्याचा शत्रू चढ नाहीच, शत्रू आहे वळण. हा रस्ता अलकनंदेच्या काठाने जातो. पूर्वी यात्रेकरू पायी जायचे तेही नदीच्याच आधाराने, कारण हिमालयात आत शिरायला नदीने कोरलेली दरी हाच नैसर्गिक दरवाजा. पण नदीला मिळणारा प्रत्येक ओढा (तिकडे त्याला ‘गदेरा’ म्हणतात) डोंगराला एक खाच पाडतो. रस्ता त्या खाचेत आत जातो, छोट्या पुलावरून ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा बाहेर येतो. समोरचं वळण हाताच्या अंतरावर दिसतं, आणि तिथे पोचायला पाच मिनिटं लागतात. आपले खंबाटकी किंवा वरंधा घाट म्हणजे थोड्या वेळाचा खेळ. इथे तोच खेळ सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी संपतो.

वळणावरचा वेग

आता थोडं गणित. घाबरू नका, व्हायवा नाही. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून दोन गोष्टी मदत करतात : टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि सुपरएलिव्हेशन, म्हणजे रस्त्याला आतल्या बाजूला दिलेला कल. सूत्र असं :

वेगाचा वर्ग = १२७ × त्रिज्या × (सुपरएलिव्हेशन + घर्षण)

वेग ताशी कि.मी. मध्ये आणि त्रिज्या मीटरमध्ये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे हेअरपिन वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर, डोंगरातलं सुपरएलिव्हेशन जास्तीत जास्त १० टक्के आणि डिझाइनसाठी घर्षण ०.१५ धरतात. आकडे घाला : १२७ × १४ × ०.२५ म्हणजे साधारण ४४५. वर्गमूळ २१. म्हणून हेअरपिनचा डिझाइन वेग ताशी २० कि.मी. त्रिज्या ५० मीटर केली तरी वेग ताशी ४० च्या आतच राहतो. आता अशी वळणं शेकड्यांनी ओळीने लावा, त्यात समोरून येणारे ट्रक, चहाचे थांबे आणि दरड साफ करणारा एखादा जेसीबी मिळवा. सरासरी ताशी २५ आपोआप येते. २५० भागिले २५, दहा तास. ड्रायव्हरला शिव्या देण्यात काही अर्थ नाही!

यातली एक गंमत लक्षात घ्या. कोरड्या डांबरावर टायरला ०.१५ पेक्षा बरंच जास्त घर्षण मिळतं. डिझाइनचा आकडा कमी ठेवतात तो सुरक्षिततेसाठी आणि आत बसलेल्याला त्रास होऊ नये म्हणून. ‘डेली’ जीपचा ड्रायव्हर हे उरलेलं घर्षण सढळ हाताने वापरतो, आणि मागच्या सीटवरचे लोक खिडकीबाहेर डोकं काढतात. गाडी लागते कारण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय ‘आपण हलतोय’ म्हणतं, आणि समोरच्या सीटवर किंवा मोबाईलवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतात. हे भांडण पोटात जाऊन मिटतं. म्हणून पुढे बसावं, लांबवर बघावं. ड्रायव्हरला क्वचितच गाडी लागते, कारण पुढचं वळण कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं.

मग सुंदर काय?

ज्या नदीमुळे रस्ता वेडावाकडा झाला, तीच नदी दिवसभर सोबत करते. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागतं. दोन्ही पाण्यांचे रंग बरेचदा वेगळे दिसतात. त्यात गाळाचा वाटा मोठा, आणि भागीरथीवर वरच्या बाजूला टिहरी धरण आहे, तिथे तिचा बराच गाळ अडतो. रुद्रप्रयागला मंदाकिनी येते, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. पिपळकोटीनंतर दरी अरुंद होते, कडे अंगावर येतात. आणि औलीला पोचल्यावर समोर ७८१६ मीटरची नंदादेवी उभी! दहा तासांचा हिशोब तिथे थोडा विसरायला होतो.

शेवटचे पंधरा कि.मी.

खरी परीक्षा जोशीमठच्या पुढे. चौदा-पंधरा कि.मी. मध्ये सुमारे ७०० मीटर चढायचं, म्हणजे सरासरी ५ टक्के चढ, आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. एरवी हे काहीच नाही. पण सावलीतल्या वळणांवर सकाळी बर्फाचा काचेसारखा पातळ थर असतो आणि तिथे घर्षण ०.१ पर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतं.

साध्या कारची दोनच चाकं गाडी ओढतात आणि त्यांच्यावर गाडीचं साधारण निम्मं वजन असतं. म्हणून ०.१ घर्षणावर ती जेमतेम ५ टक्के चढ चढू शकते. चारही चाकं ओढणारी गाडी १० टक्के चढेल. रस्त्याची सरासरी ५ टक्के आहे, म्हणजे साधी कार कुठेतरी अडकणार हे कागदावरच ठरलेलं आहे! एक कार आडवी झाली की मागच्या सगळ्या थांबतात, आणि चढावर थांबलेल्यांना पुन्हा सुटता येत नाही. आम्ही असे दोन तास उभे होतो. चाकांना साखळ्या बांधायच्या त्या यासाठीच. त्या ओढणाऱ्या चाकांनाच बांधायच्या, हेही लक्षात ठेवा. बर्फाळ भागात सुपरएलिव्हेशनची मर्यादा १० ऐवजी ७ टक्के ठेवतात त्याचं कारणही हेच. कल जास्त आणि घर्षण कमी असेल, तर हळू चाललेली गाडी आतल्या बाजूला घसरत येते.

पूर्वी यावर उपाय होता. जोशीमठ-औली रोपवे, सुमारे ४ कि.मी. लांबीचा. जानेवारी २०२३ मध्ये तो बंद करावा लागला, आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता.

भेगा

तो का बंद झाला हे त्या दोन तासांत आमच्या जीपच्या ड्रायव्हरकडून नीट कळलं. तो जोशीमठचाच. आम्ही त्याला ‘भाईजी’ म्हणायचो, तो आम्हाला ‘भुला’, म्हणजे धाकटा भाऊ. जानेवारी २०२३ मध्ये शहरातल्या आठशेहून अधिक इमारतींना भेगा पडल्या, त्यात त्याचंही घर होतं. तो म्हणाला, “भुला, तुम्ही इंजिनीयर लोक ना? मग सांगा, मी भेग बुजवू की घर सोडू?” आम्ही चौघंही गप्प बसलो.

जोशीमठ वसलंय ते जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर. हे १९७६ च्या मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं, आणि उताराचा पायथा उकरू नका, मोठे दगड हलवू नका, असंही सुचवलं होतं. वाळूच्या ढिगाच्या तळातून मूठभर वाळू काढली की वरची वाळू खाली येते, हे लहान मुलालाही माहीत असतं. रस्ता रुंद करताना आपण डोंगराचा पायथाच कापतो. त्यात या रस्त्याच्या वरच्या टप्प्यात, हेलंगजवळून, ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ जातो. म्हणजे खडक आधीच चुरडलेला.

चारधाम महामार्ग प्रकल्पात नेमका हाच वाद झाला. रुंदी किती ठेवायची? सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५.५ मीटरच्या बाजूने आदेश दिला. डिसेंबर २०२१ मध्ये लष्कराची गरज लक्षात घेऊन जास्त रुंद, दोन पदरी रस्त्याला परवानगी दिली. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. याच रस्त्याने पुढे चीनच्या सीमेकडे रसद जाते, आणि हाच रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो. बंद पडलेला रुंद रस्ता लष्कराच्याही उपयोगाचा नाही.

रुंद केला की प्रश्न सुटतो?

आमचा एक सीनियर अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एम.एस. करतोय. त्याला मी मेलमध्ये हे सगळं लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, “इकडे चांगला हायवे आहे, तरी आम्ही रडतोच!”

डेन्व्हरहून व्हेल हे स्की रिसॉर्ट सुमारे १६० कि.मी. इंटरस्टेट ७० हा चांगला मोठा महामार्ग. वाटेत आयझेनहॉवर-जॉन्सन बोगदा, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, लांबी २.७ कि.मी. पहिली नळी १९७३ मध्ये उघडली, दुसरी १९७९ मध्ये. रस्ता मोकळा असला तर दोन तासांच्या आत पोचता येतं. पण शनिवारी सकाळी सगळं डेन्व्हर एकदमच निघतं, आणि रविवारी दुपारी एकदमच परततं.

समजा, दोन लेनमधून तासाला ४००० गाड्या जाऊ शकतात आणि तीन तास ४५०० येत राहिल्या. १५०० गाड्या तुंबतील आणि शेवटच्याला वीसेक मिनिटं थांबावं लागेल. आता बर्फ पडून क्षमता ३००० वर आली असं धरा. तुंबलेल्या गाड्या ४५००, आणि थांबणं दीड तास! क्षमता फक्त पाव भागाने घटली, पण वाट बघणं चौपट झालं. म्हणून तिथे सप्टेंबर ते मे या काळात बर्फाला योग्य टायर किंवा साखळ्या सोबत असण्याची सक्ती आहे. डिसेंबर २०१५ मध्ये गर्दीच्या वेळी वापरायची टोल लेनही सुरू झाली. शिवाय डेन्व्हरहून विंटर पार्कच्या स्की उतारांपर्यंत हिवाळ्यात चक्क रेल्वे जाते.

म्हणजे गढवालमध्ये वळणं वेळ खातात, कोलोरॅडोमध्ये रांग खाते. रस्ता रुंद केला की वळणाचा प्रश्न थोडा सुटतो आणि रांगेचा सुरू होतो, कारण रस्ता सोपा झाला की जाणारे वाढतात.

आपल्याकडेही रेल्वे येतेय. ऋषिकेश-कर्णप्रयाग मार्ग १२५ कि.मी. चा, त्यातले शंभराहून अधिक कि.मी. बोगद्यांत. देवप्रयाग-जनासू हा १४.५७ कि.मी. चा बोगदा एप्रिल २०२५ मध्ये आरपार झाला. पण पुढचे ८० कि.मी. रस्त्यानेच जायचे आहेत. आणि बोगद्यातून देवप्रयाग दिसणार नाही, हेही खरं.

जाणार असाल तर

पहाटे निघा आणि शक्य असेल तर रुद्रप्रयाग किंवा पिपळकोटीला मुक्काम करा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर टाका. तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. औलीच्या शेवटच्या चढावर स्वतःची कार हाकण्यापेक्षा साखळ्या बांधलेली स्थानिक फोर बाय फोर घ्या. भाड्याचे पैसे जोशीमठमध्येच राहतात, आणि त्या गावाला त्यांची गरज आहे.

भाईजींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण या वर्षी ‘जिओटेक’चं इलेक्टिव्ह निवडताना मी स्कोअरिंग कोणतं हे विचारत बसलो नाही. उतार कशाने सरकतो आणि कशाने थांबतो, हे शिकायला निदान सुरुवात तरी केलीय.